भांग उलट्या बाजूला पडला होता

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या जिल्हा पानावर एका वृद्धसेवा केंद्रातल्या फळवाटपाचा फोटो आला होता. मान्यवर मागे उभे, पुढे खुर्च्यांवर ओळीने बसवलेले आजी-आजोबा, प्रत्येकाच्या हातात दोन-दोन केळी. डावीकडून तिसरे माझे यजमान. सकाळीच नणंदेचा फोन आला, "वहिनी, दादा पेपरात आलाय, किती टवटवीत दिसतोय बघ." दिसत होतेच. तोंडाला पावडर, कपाळाला गंध, केस तेल लावून चापून बसवलेले. फक्त भांग उलट्या बाजूला पडला होता. एकोणपन्नास वर्षं या माणसाचा भांग मी डावीकडे बघत आले आहे. (हातातल्या केळ्याचं काय करायचं ते त्यांना कळलं नसणार. सोलून दिलं नाही तर ते सालीसकट चावतात. फोटो काढताना कुणाला विचारलं होतं, हा प्रश्न आज बाजूला ठेवते.)

केंद्राचं नाव मी लिहिणार नाही. तिथली माणसं वाईट नाहीत आणि मी जे सांगणार आहे त्यातला निम्मा दोष माझाही आहे. पण त्या पावडरीवरून जे डोक्यात आलं ते लिहिल्याशिवाय राहवेना.

हे एस.टी.त ड्रायव्हर होते. १९७४ साली लागले, २००७ साली निवृत्त झाले. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. २०१७ पासून यांचं विसरणं वाढलं. जतपासून शिराळ्यापर्यंतचा एकेक फाटा ज्यांना पाठ, ते दुधाची पिशवी घेऊन आमच्याच गल्लीच्या तोंडाशी उभे राहू लागले. डॉक्टरांनी अल्झायमर सांगितला. पाच वर्षं घरीच केलं मी त्यांचं. २०२२ च्या पावसाळ्यात त्यांना आंघोळ घालताना ओल्या फरशीवर मीच पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. तीन महिने मला उठता येणार नव्हतं. मुलगा पुण्यात, सूनही नोकरीला. तेव्हा यांना केंद्रात ठेवलं, आणि माझं हाड जुळलं तरी ते तिथेच राहिले. आंघोळीपायी माणूस घराबाहेर गेला म्हणा ना.

पहिल्या दिवाळीत पाडव्याला नणंद, तिचे यजमान, भाचे असे सगळे त्यांना भेटायला गेलो. नणंद वाकून पाया पडली आणि उठताना माझ्या कानात म्हणाली, "वहिनी, दादाला वास येतोय गं." मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. आमच्या घरात पारोशा अंगाने चहासुद्धा कुणी घेत नसे. मी तडक ऑफिसात गेले, तक्रारवही मागितली आणि फळ्यावर लिहिते तशा ठळक अक्षरात लिहिलं : "माझ्या पतीस दररोज आंघोळ घातलीच पाहिजे. आम्ही पूर्ण पैसे भरतो." खाली सही, तारीख. लिहून झाल्यावर फार बरं वाटलं होतं, हे कबूल करते.

पंधरा दिवसांनी गेले तर यांच्या दोन्ही दंडांवर बोटांचे वळ. निळे-जांभळे, मोजता येतील असे. मी तिथल्या मामाला धारेवर धरलं. केंद्रात पुरुषांचं करणाऱ्यांना मामा म्हणतात, बायकांचं करणाऱ्यांना मावशी. हा मामा जेमतेम चोवीस-पंचवीसचा पोरगा. तो काही बोलला नाही. शर्टाची बाही वर करून त्याने मनगट दाखवलं, त्यावर दातांचे व्रण होते. मग म्हणाला, "काकू, रोज घालायचीच म्हणून तुम्हीच लिहिलंय ना वहीत?"

त्या रात्री मी मुलाशी फोनवर भांडले, स्वतःशीही भांडले, आणि दुसऱ्या दिवशी संचालकांना विचारून एक रात्र तिथेच राहिले. सकाळी काय घडतं ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं.

पाचला दिवे लागले. आठला पाळी बदलते, नाश्ताही आठलाच, म्हणून पाच ते सात आंघोळी उरकायच्या. पुरुषांच्या मजल्यावर बावीस जण, मामा दोन. न्हाणीघर पांढऱ्या टाइल्सचं, वर ट्यूबलाइट, भिंतीतला पंखा घरघरतोय. बाहेर व्हरांड्यात चार खुर्च्या, त्यावर चौघं टॉवेल गुंडाळून रांगेत. थंडीचे दिवस. दुसऱ्या खुर्चीवरचे गृहस्थ माझ्या ओळखीचे निघाले, एका हायस्कुलाचे मुख्याध्यापक होते. स्वतःचं नावही त्यांना आता सांगता येत नाही. मी समोरून आले तशी त्यांनी घाईघाईने दोन्ही हात मांडीवर आडवे धरले. सगळं विसरलेल्या त्या माणसाला परक्या बाईसमोर आपण उघडे आहोत हे मात्र बरोबर कळलं होतं. मी तोंड फिरवून आत गेले.

आत हे प्लॅस्टिकच्या खुर्चीवर. एका मामाने खांदे दाबून धरलेले, दुसऱ्याच्या हातात शॉवरची नळी. पाणी डोक्यावर पडलं तसे हे ओरडले, "सोडा! फलाटाला गाडी लावायचीया! सोडा मला, येळ झालीया!" आणि खरोखर उठून दाराकडे धावू लागले. त्यांना धरावंच लागलं, नाहीतर पडले असते. वळ कसे उठतात ते मला तिथे कळलं.

कळलं ते एवढंच नव्हतं. पाच वाजता अंधारात माणसं यांना ओढताहेत आणि हे गाडीला उशीर होतोय म्हणून जीव तोडून सांगताहेत, हे बघताना माझ्याच डोक्यात लख्ख पडलं. नोकरीतली बरीचशी वर्षं यांची मुक्कामाची गाडी असायची, जत भागातल्या खेड्यांत. रात्री गाडी गावात न्यायची, देवळात नाहीतर गाडीतच झोपायचं आणि पहाटे पहिली फेरी काढायची. पहाटे पाच म्हणजे तांब्याभर पाण्याने तोंड धुऊन स्टिअरिंगवर बसायची वेळ. त्या भागात प्यायला पाणी नसायचं, आंघोळ कुठली! आंघोळ व्हायची दुपारी दोनला, ड्यूटी संपवून घरी आल्यावर. सासूबाई बंब पेटवून ठेवायच्या. हे मोरीत पाटावर बसून आधी पायांवर पाणी घ्यायचे, मग हातांवर, मग लाल लाइफबॉय घासून खसाखसा, आणि सगळ्यात शेवटी तांब्या डोक्यावर. वर्षानुवर्षं असंच. या माणसाला आपण पहाटे पाचला शॉवरखाली बसवतो आणि तो मारतो म्हणून त्याच्या कागदावर 'आक्रमक' लिहितो.

माझी भाची नर्सिंग कॉलेजात शिकवते. तिला सगळं सांगितलं तर ती म्हणाली, मावशी, यात नवल काहीच नाही. डोक्यावर पडणारं पाणी कुठून आलं हे अशा माणसाला कळत नाही, गरम-गार समजण्यातही गोंधळ होतो, आणि पांढऱ्या फरशीवर पांढरं भांडं ठेवलं तर ते दिसतच नाही, म्हणून मग माणूस कोपऱ्यात लघवी करतो. (हे व्हरांड्याच्या कोपऱ्यात करायचे. ड्रायव्हर माणूस, आयुष्यभर रस्त्याकडेची भिंत शोधलेली. संडासाचं दार उघडं आणि आतला दिवा चालू ठेवला आणि बैठकीला निळी कड आणून बसवली, तेव्हापासून पुष्कळ कमी झालं.) तिनेच सांगितलं की अमेरिकेतल्या नर्सिंग होममध्ये यावर रीतसर अभ्यास झाला आहे. २००४ साली तो प्रसिद्ध झाला. माणसाच्या कलाने घातलेली आंघोळ, किंवा अंथरुणातच कोमट ओल्या टॉवेलने झाकून पुसून काढणं, या दोन्हींनी आरडाओरडा आणि मारामारी बरीच कमी झाली, आणि अंगही स्वच्छ राहिलं.

ते टॉवेलचं प्रकरण मी घरी स्वतःवर करून बघितलं. हसू नका. मोठा टॉवेल कोमट पाण्यात बुडवून घट्ट पिळायचा, उलगडून मानेपासून पायापर्यंत अंगावर पसरायचा आणि वरूनच हाताने चोळत जायचं. टॉवेल निवायच्या आत काढायचा, कोरडा पंचा आधीच तयार ठेवायचा. अंग कुठेच उघडं पडत नाही. थंडीत तर इतकं बरं वाटतं की मला झोप लागली. त्यासाठीचा न धुता चालणारा साबण आमच्याकडे कुठे मिळतो ते शोधत बसले नाही. पाण्यात अगदी थोडा साधा साबण घालते आणि दुसऱ्या स्वच्छ ओल्या पंच्याने पुसून घेते.

मग अर्ध्या पानाचा एक कागद लिहून यांच्या पलंगाच्या डोक्याशी चिकटवला. काय लिहिलं ते देते, कुणाला उपयोग झाला तर होईल. "यांना दुपारी दोनला आंघोळ. 'ड्रायव्हरकाका, ड्यूटी संपली, पाणी तापलंय' असं म्हणावे. शॉवर नको, बादली व तांब्या. पाण्यात आधी स्वतःचे कोपर बुडवून बघावे. तांब्या त्यांच्या हातात द्यावा, ते स्वतः घेतात. पाणी पायापासून सुरू. मांडीवर पंचा असू द्यावा, त्याखालून साबण लावावा. डोके रोज धुऊ नये. एका वेळी एकानेच बोलावे. नाहीच म्हणाले तर सोडून द्यावे व वीस मिनिटांनी पुन्हा विचारावे. भांग डावीकडे."

शेवटची ओळ बघून संचालक हसले होते. कागद अजून तिथे आहे, पण फोटोच्या दिवशी तो वाचायला कुणाला सवड झाली नसावी.

खुर्चीतून उठवण्याची युक्ती त्या मामानेच शोधून काढली. हे उठायला तयार नसले की तो तोंडाने "टिंग टिंग" करतो. डबल बेल झाली की गाडी काढायची, हे यांच्या पायांना अजून कळतं. चारदा केलं तर तीनदा उठतात. चौथ्या वेळी त्याच्याकडे असं बघतात, जणू कुणी फुकट्या प्रवासी गाडीत चढलाय.

सुरुवातीला संचालकांचं म्हणणं होतं, "मॅडम, प्रत्येकाच्या सवयीप्रमाणे करायला लागलो तर कसं जमायचं? दोन माणसं, बावीस पेशंट." मी वर्षानुवर्षं चौथीच्या मुलांना गणित शिकवलं आहे. त्यांच्याच टेबलावर कागद घेतला. दोन मामा, दोन तास, म्हणजे २४० मिनिटं. बावीस आंघोळी. एकेकाच्या वाट्याला अकरा मिनिटंही येत नाहीत, त्यात कपडे काढणं-घालणं आलं. आता रोज सगळ्यांना घालण्याऐवजी प्रत्येकाला आठवड्यातून दोनदा नीट आंघोळ घातली तर आठवड्याच्या चव्वेचाळीस होतात, दिवसाच्या सहा-सात. तीच २४० मिनिटं, एकेकाला अडतीस. शिवाय ती पहाटेच वापरायला पाहिजेत असंही नाही. बाकीच्या दिवशी तोंड, काखा, जांघा आणि पाय रोज पुसायचे. त्यालाही वेळ लागतो हे मान्य, पण डायपर बदलताना निम्मं पुसणं होतच असतं. ते कागदाकडे बघत राहिले, मग म्हणाले, "अहो, पण नातेवाईक ऐकत नाहीत. रोज आंघोळ नाही म्हटलं की भांडायला येतात."

यावर मी काय बोलणार? वहीत माझीच सही होती.

म्हणून आधी माझ्यासारख्या नातेवाइकांना सांगते. रोजच्या आंघोळीचा हट्ट आपला आहे, त्यांचा नाही. ऐंशीच्या घरातल्या माणसाची कातडी कागदासारखी झालेली असते, रोजच्या साबणाने ती आणखी कोरडी पडते आणि खाजवून खाजवून फुटते. आपण रविवारी जातो, जवळ बसून वास घेतो, पावडर बघतो, समाधानाने घरी येतो. केंद्रवालेही मग आपल्याला जे दिसतं तेच चकाचक ठेवतात. तेल, गंध, इस्त्रीचा सदरा. जे आपण कधी बघत नाही ते राहून जातं.

तोंड, उदाहरणार्थ. गेल्या वर्षी यांनी भाकरी खाणं सोडलं. मग वरणभात सोडला, मग नुसतं दूध. वजन उतरलं. सगळे म्हणाले आजार पुढे सरकला, असंच होतं, मनाची तयारी ठेवा. मी ठेवलीही. एक दिवस दूध पाजताना यांच्या तोंडाचा असा दर्प आला की मी टॉर्च मागितली. वरच्या बाजूला यांची दोन दातांची, तारेची कवळी आहे. ती किती दिवस काढली नव्हती, कुणास ठाऊक. तारेभोवती अन्नाचा पिवळा थर, आणि हिरडी इतकी सुजलेली की तार तिच्यात रुतली होती. दंतवैद्यांनी ती अलगद काढली तेव्हा खालची टाळू लालभडक, मध्ये पांढरे ठिपके. बुरशी झाली होती. औषध सुरू केल्यावर आठव्या दिवशी हे भाकरी कुस्करून दुधातून खाऊ लागले. दुखतंय हे त्यांना सांगता येत नव्हतं, म्हणून ते तोंड मिटून घेत होते, आणि आम्ही त्याला आजाराची शेवटची पायरी म्हणत होतो.

यांची कवळी आहे, हे केंद्राच्या कागदावर नव्हतंच. भरती करताना तसा रकाना नव्हता, आणि मी अंथरुणात असल्याने मुलाने अर्ज भरला. त्याला बापाच्या तोंडात कवळी आहे हे ठाऊक नव्हतं.

भाचीने तेव्हा आणखी एक गोष्ट सांगितली. जपानमध्ये ११ नर्सिंग होममध्ये दोन वर्षं पाहणी केली होती. निम्म्या म्हाताऱ्यांचे दात आणि तोंड प्रत्येक जेवणानंतर तिथले कर्मचारी साफ करायचे, निम्म्यांचं नेहमीसारखंच चालू ठेवलं. तोंड साफ केलेल्यांमध्ये न्यूमोनिया कमी झाला आणि न्यूमोनियाने मरणारेही कमी निघाले. कारण अशा माणसांना गिळताना ठसका लागतो आणि तोंडातली घाण लाळेबरोबर छातीत उतरते. हे ऐकेपर्यंत मला वाटायचं, उरलेत पाच-सहा दात, ते घासून काय करायचंय.

ब्रश दिसला की हे दात आवळून धरायचे. एक दिवस मी घरून लाल दंतमंजनाची डबी नेली. आमच्या पिढीतल्या खेड्यातल्या माणसांना ब्रश कुठे होता? तळहातावर चिमूटभर मंजन ठेवलं मात्र, यांचं बोट आपोआप त्यात बुडलं आणि तोंडात गेलं. मी समोर बसून स्वतःच्या दातांवरून बोट फिरवत होते, हे माझ्याकडे बघून फिरवत होते. दोन मिनिटं तसं झालं की मग लहान मुलांचा मऊ ब्रश मी हळूच आत सरकवते, त्यांच्याच मुठीवर माझी मूठ धरून. मंजन खरखरीत असतं, रोज वापरू नका म्हणून दंतवैद्य रागावले, म्हणून आता ते नावापुरतं, बोट चालू होण्याइतकंच.

आता जरा अवघड गोष्ट. सत्तर वर्षांच्या बाईने पेपरात लिहायची नव्हे असं कुणाला वाटलं तर वाटो. डायपरच्या आत काय चाललंय हे आपण बघत नाही. आमच्या केंद्रात दिवसाला तीन डायपर धरलेले आहेत, चौथा लागला तर बिलात जादा. त्यामुळे डायपर वाचवायचा म्हणजे पाणी कमी पाजायचं, असा हिशेब कुणी न सांगता चालू होतो. मार्चमध्ये हे दोन दिवसांत एकदम बदलले. मला ओळखेनात, हवेत हात फिरवायला लागले, दिवसभर गुंगीत. पुन्हा तेच, आजार वाढला. भाचीने फोनवरच सांगितलं, एवढं अचानक झालंय तर आधी डॉक्टरांना दाखवून लघवी तपासा. जंतुसंसर्ग निघाला. औषध झाल्यावर आठवडाभरात हे जसे होते तसे झाले. म्हणजे काही शहाणे झाले नाहीत, पण मी गेल्यावर चेहऱ्यावर जी एक ओळख उमटते ती परत आली.

त्या वेळी नर्सने मामाला माझ्यासमोर शिकवलं : बायकांना पुढून मागे पुसायचं, उलट नाही. पुरुषांच्या इंद्रियावरची कातडी सहज सरकत असेल तेवढीच हळूच मागे घेऊन पुसायचं आणि आठवणीने परत पुढे आणायची. ती मागेच राहिली तर सूज येते आणि मोठा घोळ होतो. जांघेत, काखेत आणि जाड बायकांच्या स्तनांखाली ओल राहू द्यायची नाही, पावडर थापून तर मुळीच नाही. ओल्या घामावर पावडर पडली की तिच्या गुठळ्या होऊन आणखी घासतं. मामा मान हलवत होता. नंतर म्हणाला, "काकू, दोन वर्षं झाली इथं, हे आजवर कुणी सांगितलंच नव्हतं." कामाला माणसं पुरवणाऱ्या ब्युरोने पाठवलेला पोरगा. आम्ही महिन्याला पंचवीस हजार भरतो, त्याच्या हातात दहा-अकरा पडतात. त्याआधी तो एका हॉटेलात भांडी घासत होता.

बायकांच्या मजल्याबद्दल मला कमी माहीत आहे, जिन्यात कधीमधी भेटतात तेवढंच. एक आजी आहेत, त्यांचे केस मानेपाशी कापलेले. त्यांची लेक सांगत होती, भरती केलं तेव्हा कमरेपर्यंत होते. पंधरा दिवसांनी आली तर बॉबकट. उवा होतात, विंचरायला वेळ नसतो, असं मावशींनी सांगितलं. विचारलं कुणी नव्हतं. त्या आजी दिवसभर हात मानेमागे नेतात, बोटांनी आकडा खोचल्यासारखं करतात, आणि काही सापडलं नाही की हात तसाच हवेत धरून बसतात. रात्री तिथे मावशी एकच असते, उचलायला खालून मामाला बोलावतात. माझ्या आईला असं कुणी परक्या पुरुषाने उचललं असतं तर ती ओरडलीच असती. मग तिच्या कागदावरही 'आक्रमक' लागलं असतं.

सरकारकडेही एक मागणं आहे. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाचा कायदा २००७ सालचा. त्यात प्रत्येक जिल्ह्यात निराधार वृद्धांसाठी निदान दीडशे जणांची सोय होईल असे वृद्धाश्रम काढण्याची गोष्ट आहे. आत गेलेल्या माणसाची निगा कशी राखायची, किती माणसांमागे किती सेवक, त्यांना शिकवणार कोण, अशा गोष्टींसाठी खाजगी केंद्रांची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवणारं दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं होतं. ते मंजूर न होताच ती लोकसभा संपली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशपातळीवरच्या अभ्यासात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे. शहराबाहेर हायवेला असली केंद्रं धडाधड उघडताहेत, बोर्डावर निसर्गरम्य परिसर आणि सात्त्विक आहार. विधेयक पुन्हा येईल तेव्हा येवो. तोवर आपल्या जिल्ह्यातल्या आरोग्य विभागाने एवढं तरी ठरवून द्यावं : बाईचं अंग बाईच पुसेल, पुरुषाचं पुरुष. भरतीच्या अर्जात कवळी, चष्मा, आंघोळीची वेळ आणि केस कापायची परवानगी हे रकाने असतील. महिन्यातून एकदा कुणीतरी टॉर्च घेऊन प्रत्येकाचं तोंड उघडून बघेल. आणि नवीन मामा-मावशींना कामावर घेण्याआधी चार दिवस शिकवतील. आमच्या जिल्ह्यात मिरजेसारखं दवाखान्यांचं गाव आहे, नर्सिंगच्या मुली दरवर्षी शिकून बाहेर पडतात, शिकवायला माणसं मिळणार नाहीत असं कुणी म्हणू नये.

आणि मान्यवरांना विनंती. पुढच्या वाढदिवसाला फळांऐवजी मऊ ब्रश द्या, सुती पंचे द्या, बसायला पाट नाहीतर घट्ट पायांची आंघोळीची खुर्ची द्या, महिनाभराचे चौथे डायपर द्या. फोटो काढायचाच असेल तर पंच्यांच्या गठ्ठ्याचा काढा.

यांची आंघोळ आता मंगळवारी आणि शुक्रवारी असते, दुपारी दोनला. जमेल तेव्हा मी जाते. पाणी मामाच घालतो, मला आता वाकवत नाही. मी दारात खुर्ची टाकून बसते आणि आंघोळ झाली की केस विंचरते. उद्या शुक्रवार. सव्वाबाराची गाडी धरली तर वेळेत पोचते, म्हणून इथेच थांबते.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, जि. सांगली
(पत्र छापल्यास नाव व पत्ता प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)